साडी गार्ड

शेवटी बाबा गाडीवर बसले आणि चौक गावापर्यंत जाऊन आले.

आता हे वाक्य विसरा. बाबा कुठेही गेलेले नाहीत. ते शांती नगरात, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, खुर्चीतल्या लाल उशीवर बसलेत. आई गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून तिथेच आहेत. आधी कंबर दुखते म्हणून खाली उतरत नव्हते. मग उतरत नाहीत म्हणून कंबर दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, असेच बसून राहिले तर वर्षभरात त्यांना उठवायला दोन माणसं लागतील. घरात मी एकटा आहे. म्हणजे एक माणूस आत्ताच कमी.

म्हणून मी सेकंडहॅण्ड क्रूझर घेतली, पाय पुढे टाकून ऐसपैस बसायची मोटरसायकल. बाबांनी बत्तीस वर्षं मोटरसायकल चालवली होती. दर रविवारी आईला मागे बसवून समुद्राकाठच्या चौक गावाला मासळी आणायला जायचे. कंबरेला मानवेल अशी गाडी खाली उभी असली तर माणूस कधीतरी उतरेल, एवढाच माझा विचार.

भाईंदर पूर्वेला बंटीचं गॅरेज आहे. बंटी लोकांच्या गाड्या सजवतो आणि स्वतः रिक्षाने येतो.

"पप्पांना आण," तो म्हणाला. "फोमवर वीस मिनिटं बसव. जिकडे दबेल तिकडे कापतो. सीट अशीच बनते."

"ते आले असते तर सीट कशाला बनवली असती?"

बंटीने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "मग ते ज्याच्यावर बसतात ते आण."

मी लाल उशी नेली. तिला तीन वर्षांचा खड्डा होता. डॉक्टर पोट तपासतात तसा बंटीने तिच्यावरून हात फिरवला आणि त्याच मापाने फोम कापला. हॅण्डल उंच करून मागे ओढलं, फूटरेस्ट पुढे घेतले, पाठीला टेकू दिला. टाकीला गडद हिरवा रंग. शेवटी साडी गार्ड काढलं. मागच्या चाकाशेजारची ती जाळी, पदर चाकात अडकू नये म्हणून असते. लुकची पार वाट लावते. शिवाय आमच्या घरात आता मागे बसणारं कोणी नव्हतं.

चहा पिऊन आलो. जाळी जागेवर होती.

"तू लावलीस?"

"भाई, मी तुझ्यासोबत चहा पीत होतो ना."

त्याने ती पुन्हा काढली, कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं, गॅरेजचं शटर पाडलं. आम्ही कोपऱ्यावर वडापाव खाऊन आलो. शटर बंद होतं. कुलूप बंद होतं. जाळी गाडीला होती.

बंटीने पाना लावला. नट हलेना.

"एवढं टाईट मी करत नाय," तो हळूच म्हणाला. "कोणीच करत नाय."

मग मला नवी सीट दिसली. मागच्या भागात, डाव्या कडेला, एक खड्डा पडला होता. दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसल्यावर पडतो तसा. मी हात लावला. बाकीचा फोम थंड होता. तेवढीच जागा कोमट.

मी समजूतदार माणूस आहे. जाळी कायद्याने लागतेच, असं म्हणून गाडी घरी आणली.

खिडकीखाली उभी करून हॉर्न दिला. बाबांनी वाकून बघितलं. हिरवी टाकी बघितली नाही. मागची सीट बघत राहिले.

दहा मिनिटांनी खाली आले. इस्त्रीचा शर्ट घालून.

"हेल्मेट दे."

"पहिल्याच दिवशी एकटे नको, बाबा. मी मागे बसतो."

"जागा कुठाय?" बाबा म्हणाले आणि निघाले.

दोन तासांनी आले. पिशवीत बोंबील. जिन्यावर शीळ घालत होते.

आता रोज जातात. कंबर दुखत नाही. दोन माणसं लागणार होती, ती लागणार नाहीत. मी खूश आहे. फक्त परतायला रोज थोडा थोडा उशीर होतो.

परवा धीर करून विचारलं, "बाबा, मागे आई असते ना?"

त्यांनी माझ्याकडे मी नापास झाल्यासारखं बघितलं. "तुझी आई साडी नेसून कधी बसली रे गाडीवर? ड्रेस घालायची. दोन्हीकडे पाय टाकून बसायची."

"मग कोण?"

"विचारलं नाय." त्यांनी बोंबील ओट्यावर ठेवले. "पण रस्ता तिला सगळा माहितीय."

काल मोबाइलवर दंडाची नोटीस आली. मागच्या व्यक्तीच्या डोक्यावर हेल्मेट नाही. सोबत फोटो. फोटोत बाबा हसतायत. मागची सीट रिकामी आहे. बाबांच्या डाव्या खांद्यावर, इस्त्रीच्या शर्टाला, पाच चुण्या पडल्यात.

मी अर्ज लिहिलाय:

महोदय, दंड मान्य आहे. हेल्मेट घेण्याची तयारी आहे. तरी मागे बसलेल्या व्यक्तीचे नाव, वय व डोक्याचे माप कळवावे. तसेच अर्जदाराच्या वडिलांना दररोज दुपारच्या जेवणापूर्वी घरी परत आणून सोडण्याचे लेखी आदेश सदर व्यक्तीस द्यावेत, ही नम्र विनंती.