धाकटे सर

हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवणं म्हणजे ओल्या साबणावर उभं राहणं. हे वाक्य तात्यांचं. धाकटे सर शिकवताना ते हटकून वापरत आणि वापरलं की जीभ चावत.

तात्यांनी लढाईत गोळ्यांच्या माऱ्यातून जखमी जवान उचलून आणले होते. पुढे या तळावर मास्तरकी केली ती निवृत्तीपर्यंत. सैन्याचे निम्मे वैमानिक त्यांच्या हाताखालून गेले, धाकटे सरही. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. त्यांचं टेबल आणि डावीकडची प्रशिक्षकाची सीट निवृत्तीनंतरच धाकट्या सरांकडे आली होती. नाव मात्र बदललं नाही. पन्नाशी दारात आली, तरी स्वयंपाक्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते धाकटेच!

सहा रिपूंत मत्सर शेवटी मोजतात. पण बाबांनो, घरात शिरतो तो सगळ्यांत आधी, आणि चपलाही काढत नाही.

धाकट्या सरांना एवढंच हवं होतं: एक तरी शिष्य असा, ज्याचा हात बघून कुणाला तात्या आठवू नयेत. देवानं ऐकलं म्हणायचं. त्यांची सख्खी भाचीच शिकायला आली. तिनं तात्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं.

"घरी मामा आणि हवेत सर, की हवेतही मामा?" तिनं विचारलं.

"हवेत मामा म्हणालीस, तर उतरवून देईन. असू तिथूनच."

पोरगी पटपट शिकली. जरा जास्तच पटपट. पहिल्याच आठवड्यात यंत्र तिच्या हातात खुंटीला टांगल्यासारखं राहू लागलं. टेकण्याआधी शेपूट किंचित डावीकडे न्यायची तिची लकब पाहून खाली मिस्त्री हात पुसत हसला.

"धाकटे सर, हात अगदी तात्यांचा हो!"

 धाकट्या सरांनी ती लकब शिकवलीच नव्हती.

"हे कुठं शिकलीस?"

"तुम्हीच तर कानात सांगता ना, हळू, हळू... किती मायेनं सांगता! घरी तर नुसते खेकसता."

ते हवेतही खेकसूनच शिकवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठरवलं, आज आपला हात दाखवायचा. हवेत गेल्यावर ते म्हणाले, "कंट्रोल माझ्याकडे."

"कंट्रोल तुमच्याकडे," भाची म्हणाली आणि तिनं हात काढले.

हा इथला नेम. देणारा बोलतो, घेणारा बोलतो, मगच हात बदलतात. दोन्ही सीटपुढच्या दांड्या आतून जोडलेल्या. एक हलली की दुसरीही हलते.

धाकट्या सरांनी आपल्या पद्धतीनं यंत्र धरलं. ते डुललं. सावरलं, पुन्हा डुललं. रागाच्या भरात ते नेम विसरले. "धर तूच!" म्हणाले आणि हात सोडून बाहेर बघू लागले.

यंत्र शांत झालं. खालचं गवत एका जागी थरथरत होतं.

"आता कसं!" त्यांचा ऊर भरून आला. "हा माझा हात. मी शिकवलेला."

"सर..." तिचा आवाज बारीक झाला. "मी धरलेलंच नाही. कंट्रोल तुझ्याकडे, असं तुम्ही म्हणालाच नाहीत."

तिचे हात मांडीवर होते.

त्यांचे गुडघ्यांवर.

दांडी हलत होती. केसभर पुढे, केसभर मागे. जाणत्या हाताखाली हलते तशी.

भीती नंतर आली. आधी आला तो जुना जळफळाट.

"कंट्रोल माझ्याकडे!" ओरडून त्यांनी दांडी पकडली. यंत्र भेलकांडलं.

"सोडा ना मामा," भाची कळवळली. "किती छान चाललं होतं."

त्यांनी सोडलं नाही. आदळतच उतरवलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिस्त्रीला घेऊन सगळ्यांच्या आधी यंत्रापाशी गेले. त्यांचं हेल्मेट उजवीकडे, शिकाऊच्या सीटवर ठेवलं होतं. सीट त्यांच्याच पायांच्या मापानं पुढे ओढलेली. उघडे पट्टे वाट बघत होते.

"मिस्त्री, चेष्टा पुरे."

"मी? अहो सर, कुलूप आत्ता तुमच्यासमोर काढलं की!"

धाकट्या सरांनी डावीकडे पाहिलं. तिथले पट्टे लावलेले होते. सैल पडलेले नव्हते. छातीपाशी फुगून, ताठ उभे होते.