तार अजून वाजतेय

हे खरं घडलंय. मी पदार्थविज्ञान शिकलेली. दादा मला 'मोजपट्टी' म्हणतो. म्हणून जे पाहिलं, मोजलं, तेवढंच सांगते.

गेल्या महिन्यातला रविवार. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. दादाची रेकॉर्डिंगची खोली. तिला खिडकी नाही.

दादा भीतीदायक गेमसाठी संगीत करतो. या वेळी त्याने डल्सिमर वापरलं होतं. संतूरच्या जातीचं वाद्य, दोन काड्यांनी तारांवर वाजवायचं. त्याचा एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करायचा आणि मग कीबोर्डवर हवा तसा वाजवायचा.

त्या रविवारच्या आठवडाभर आधी ते वाजवायला आलेले वादक आजोबा भलतेच सावकाश. प्रत्येक सुरानंतर डोळे मिटून, हात वर धरून बसायचे. तार पूर्ण शांत झाली की म्हणायचे, "हं."

मगच पुढची तार.

शेवटची तार सगळ्यांत खालच्या सुराची. दादाने अकराव्या सेकंदालाच रेकॉर्डिंग थांबवलं.

"अजून वाजतेय," आजोबा म्हणाले.

"आजोबा, या वेगाने मीही म्हातारा होईन इथे! झालं, उठा आता."

ते उठले. पण "हं" म्हणाले नाहीत.

तीन दिवसांनी ते गेले. त्यांची मुलगी फोनवर म्हणाली, "शेवटपर्यंत हात वर करून बसले होते. मला बोलूही देईनात."

त्यांचं वाद्य आमच्याकडेच राहिलं. कोपऱ्यात, कापडाखाली.

त्या रविवारी सहाच्या आत संगीत पाठवायचं होतं. नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. फक्त शेवट राहिला होता. तो खालचा सूर आणि मग शांतता.

दादाने कळ दाबली.

अकरा सेकंद. सूर संपला.

"हा संपत का नाहीये?" दादा म्हणाला.

मी पडद्यावर पाहिलं. आवाजाची रेघ सपाट होती. "संपलाय की."

"बहिरी झालीस का गं? ऐक..."

मी स्पीकरची वायर उपटली. संगणक बंद केला. पंखासुद्धा.

दादाने हळूच हात वर केला...

"थांब. अजून वाजतेय."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याची समजूत काढायला मी कोपऱ्यात गेले, कापड ओढलं. "ही बघ तुझी तार. गपगार पडलीय," म्हणत तिच्यावर बोट ठेवलं.

बोटाला मुंग्या आल्या...

तार थरथरत होती.

बोट टेकलं की तार थांबते. थांबायलाच हवी. मी अंगठा दाबला. मग अख्खा तळवा.

थांबली नाही.

सहा वाजले. सव्वासहाला फोन खणखणला. दादाने उचलला नाही. त्याचा हात वरच होता.

काम गेलं. त्याचं आता काही वाटत नाही. पण दादा जेवताना घास तसाच धरून थांबतो, दुसरा हात वर करतो. आई म्हणते, ताण आहे, जाईल.

काल मी ते बोट पेल्यातल्या पाण्याला टेकवलं. पाण्यावर बारीक वलयं उठली... एकोणीस मिनिटं मोजली. मग मोजणं सोडून दिलं.

आज सकाळी मीच दादासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं, "हं."

त्याने डोळे न उघडता नुसती नकारार्थी मान हलवली.