धुतलेली ज्वारी

"आत्या, हात काढ! आधी हात काढ त्या पाण्यातनं!"

प्रतीक्षाच्या किंकाळीनं तारामती दचकली. पेरणी उरकून उरलेली दोन-अडीच शेर ज्वारी तिनं अंगणात घमेल्यात ओतली होती, वर दोन तांबे पाणी घातलं होतं आणि दोन्ही हातांनी ती चोळून चोळून धूत होती. पाणी गुलाबी झालं होतं.

"अगं, वरडतीस कशाला? दोन पाण्यानं धुतली, उन्हात वाळवली की झाली खायाजोगी. उरलेलं बी काय उकिरड्यावर टाकायचं? लक्ष्मी हाय ती!"

"औषध लावलंय त्याला! पिशवीवर बघ, कवटीचं चित्र काढलंय. धुतलं तरी जात न्हाय ते, आत मुरतंय. आमच्या सरांनी परवाच वर्गात सांगितलं. असल्या ज्वारीची भाकरी खाल्ली की माणूस मरतंय, आत्या!"

कळंबच्या कॉलेजात अकरावीला जाणारी ती पोर. तिनं आत्याला दंडाला धरून ओढत नळाखाली नेलं आणि साबणानं तिचे हात घासू लागली. रागावून बडबडतही होती, 'तुला काय झालं तर माझं कोण हाय गं?' पण तारामतीला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिची नजर घमेल्यातल्या त्या गुलाबी पाण्यावर खिळली होती. हे पाणी तिनं याआधीही पाहिलं होतं... सात वर्षांपूर्वी... याच अंगणात!

'धुतली तर होती मी!' हे शब्द कंठापर्यंत आले, आणि तिनं ते तसेच गिळले.

तारामती लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पुसून माहेरी आलेली. आई वारली तेव्हा धाकटा बलभीम अवघा चार वर्षांचा होता. रामलिंग आणि बलभीम या दोघा भावांना तिनं पोटच्या लेकरांसारखं वाढवलं. रामलिंगाचं लग्न झालं, दैवशालेसारखी गुणाची भावजय आली, प्रतीक्षा झाली, मग किस्ना झाला. दृष्ट लागावी असं घर! आणि मग बलभीमानं वाटणी मागितली. शब्दाला शब्द वाढला, थोरल्यानं हात उगारला आणि धाकटा रानातल्या गवताच्या कोपीत राहायला गेला. पंधरा दिवस घरात कुणाशी अक्षर बोलला नाही. पेरणी मात्र त्यानंच केली. बी त्यानं आणलं, लाल औषध त्यानंच चोळलं, आणि उरलेल्या ज्वारीची पिशवी भरदुपारी ओसरीच्या खुंटीला अडकवून तो मुकाट्यानं निघून गेला. अबोला होता ना!

तारामतीनं ती ज्वारी धुतली, वाळवली आणि दळणात मिसळली. त्या रविवारी दिवेलागणीला दैवशालेनं भाकऱ्या थापल्या. रामलिंग जेवला, दैवशाला जेवली, चार वर्षांचा किस्ना दुधात कुस्करून जेवला. नऊ वर्षांची प्रतीक्षा तापानं फणफणली होती, तिला नुसती तांदळाची पेज दिली होती. आणि तारामती? सकाळची शिळी संपल्याबिगर ताजीला हात लावायचा नाही, हा तिचा जन्माचा नेम. त्या दिवशी दोन शिळ्या उरल्या होत्या...

दवाखान्याच्या वाटेवरच तिन्ही जीव गेले. माघारी आणून ओसरीवर ठेवलेल्या भावाचं डोकं रानातून धावत आलेल्या बलभीमानं मांडीवर घेतलं आणि सगळ्या गावादेखत हंबरडा फोडला, "म्याच मारलं रे दादा तुला... म्याच मारलं!"

तेच शब्द पुढं कोर्टात तारामतीच्या तोंडून वदवून घेतले गेले. "व्हय साहेब, आसंच म्हनला," ती पदर तोंडाला लावून म्हणाली होती. पोलिसांनी विचारलं होतं, ज्वारी कुठली? ती म्हणाली होती, घरचीच. आणि घरचीच तर होती! पिठातलं विष आणि बलभीमाच्या बाटलीतलं औषध एकच निघालं. त्याच आठवड्यात भरदुपारी तो घरात येऊन गेल्याचं शेजारच्या शिवकांतानं पाहिलं होतं. सख्खा भाऊ, भावजय आणि अजाण लेकरू यांच्या अन्नात वाटणीपायी विष कालवलं, म्हणून फाशी! आता मोठ्या कोर्टानं त्या फाशीवर शिक्का मारायचा, एवढंच उरलं होतं. आठ दिवसांवर तारीख आली होती.

दोन दिवस तारामतीच्या घशाखाली घास उतरला नाही. अंगणात कुणाचं पाऊल वाजलं तरी ती दचकून उठायची. 'कशावरून त्याच ज्वारीनं? दोन पाण्यानं धुतली होती की!' असं ती मनाला समजवायची, आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, 'तारे, तूच! तूच खाल्लंस तिघांना!' कुणाला ठाऊक होतं? कुणालाच नाही. गप्प बसलं तर प्रतीक्षा जन्मभर 'आत्या आत्या' करत गळ्यात पडणार होती. बोललं तर?... भिंतीवर तिघांचे फोटो होते, त्यांना हार नव्हते. 'काकाला फाशी झाली की त्या दिवशी हार घालीन,' असं ती पोर दहा वर्षांची असताना बोलली होती आणि एवढ्या वर्षांत तो शब्द तिनं मोडला नव्हता.

आणि तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या तारामतीला एकदम आठवलं. कोर्टात बलभीमाला विचारलं होतं, उरलेलं बियाणं कुठं गेलं? तो म्हणाला होता, "बी उरलंच न्हवतं साहेब. समदं पेरलं." तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. पण खुंटीला पिशवी तर त्यानंच अडकवली होती! मग फासाच्या दोराखाली उभा असलेला माणूस असं खोटं का बोलला?

कोर्टातल्या साक्षीनंतर तिनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी बलभीमाचे वकील उमाशंकर यांच्या ओळखीनं ती तुरुंगात मुलाखतीला गेली. काचेपलीकडे जो माणूस येऊन बसला त्याचे केस अर्धे पांढरे झाले होते. त्यानं फोन कानाला लावला.

"अक्का... तू आलीस?"

"बलभीमा, एकच इचारते. त्या साली बी उरलं व्हतं का?"

त्याचा चेहरा खाडकन उतरला. "न्हाय अक्का. समदं पेरलं."

"मग खुंटीला पिशवी कुनी अडकवली?"

त्यानं मान खाली घातली.

"म्या धुतली रे ती ज्वारी... दोन पान्यानं धुतली... दळनात घातली..."

"गप! अक्का, गप बस!" त्यानं घाबरून मागच्या शिपायाकडं पाहिलं, आवाज दाबला. "म्हाईत हाय मला. दादाचं डोकं मांडीवर घेतलं तवाच खुंटीकडं बगितलं म्या. पिशवी रिकामी व्हती."

"आन सात वर्सं बोलला न्हाईस? फाशी सुनावली तरी बोलला न्हाईस?"

"काय बोलू? औषध म्या लावलं, पिशवी म्या आनली. 'अक्का, ह्याला हात लावू नगं' एवढा एक शबूद बोललो असतो तर दादा आज जित्ता असता. पर माझा रुसवा लई मोठा व्हता ना! म्याच मारलं अक्का, खोटं काय हाय त्यात? तुजं नाव घेतलं असतं तर तुलाबी नेलं असतं. मग पोरीला कुनी बगितलं असतं? घरात उरलंच कोन व्हतं?"

तारामतीनं काचेवर कपाळ टेकलं. ज्याला चार वर्षांचा असल्यापासून घास भरवला, तो तिच्या वाटणीचं मरण मुकाट्यानं पदरात घेऊन बसला होता! आणि तिनं? तिनं भर कोर्टात त्याच्याकडं बोट दाखवलं होतं.

"म्या सांगनार, बलभीमा. समद्यास्नी सांगनार."

"नगं अक्का! पोर तोडील तुला!" तो काचेवर हात आपटत ओरडला, आणि मुलाखतीची वेळ संपली.

वकील उमाशंकर यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला. "मावशी, तुमचं प्रतिज्ञापत्र कोर्टापुढं ठेवतो. पण भावाला वाचवायला बहीण रचून बोलते, असंच समोरचे म्हणतील. शिवाय तुमच्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, तयारी आहे ना? आणि ती ज्वारी आणखी कुणी पाहिली होती का?"

"कुनी न्हाय साहेब," ती म्हणाली. "बगनारे समदे गेले."

गुन्ह्याची, तुरुंगाची तिला भीती वाटली नाही. भीती होती ती घरी वाट बघणाऱ्या पोरीची. त्या रात्री प्रतीक्षा ताटावर बसली होती, पहिला घास मोडत होती. जेवू दे आधी, असं तारामतीच्या मनात आलं. पण आता थांबलं तर पुन्हा धीर व्हायचा नाही. ती चुलीपुढून उठली, पोरीसमोर येऊन बसली आणि गुलाबी पाण्यापासून तुरुंगातल्या काचेपर्यंत सारं सांगून टाकलं.

"तुज्या आई-बापाला, किस्नाला माज्या हातानं इख गेलं, पोरी. म्हाईत न्हवतं गं मला... पर हात माजाच व्हता!"

प्रतीक्षाच्या हातातला घास हातातच राहिला. ती आत्याच्या हातांकडं बघत होती. मग तिनं घास ताटात ठेवला, ताट सरकवलं आणि उठून गेली. ना रडली, ना ओरडली. ओरडली असती, दोन तोंडात मारल्या असत्या, तर तारामतीला बरं वाटलं असतं!

चार दिवस ती पोर आत्याशी बोलली नाही. शिवकांताकडं जेवायची, नाहीतर बिस्किटाचा पुडा खायची. तारामती दोन्ही वेळा भाकरी करायची, ताट वाढायची, आणि ते तसंच उचलून ठेवायची. घरात पुन्हा अबोला शिरला होता. अबोल्यानं या घराचं काय केलं होतं ते तिला पुरतं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला त्याची धडकी भरत होती.

तारखेच्या दिवशी तिनं सकाळीच दोन भाकऱ्या थापल्या, कालची एक शिळी त्यावर ठेवली, फडक्यात बांधली आणि देवापुढं हात जोडले. उंबऱ्यात घुटमळून तिनं हाक मारली, "पोरी, जाते गं..." आतून उत्तर आलं नाही. डोळे पुसत ती स्टँडवर आली. एसटी लागली होती. खिडकीशी जागा मिळाली आणि गाडी हलणार, तोच कुणीतरी धापा टाकत चढलं आणि तिच्या शेजारी येऊन बसलं. प्रतीक्षा होती! कॉलेजची सॅक पोटाशी धरलेली, डोळे सुजलेले. विचारायची हिंमत होईना.

वाशी गाव मागं पडलं. मग प्रतीक्षा समोरच्या सीटकडं बघत बोलू लागली.

"मी ओसरीत खाटेवर होते. ताप होता मला. अंगणात पत्र्यावर गुलाबी ज्वारी वाळत होती आन किस्ना त्यात बोटं घालून खेळत होता. मी म्हणले, आत्या, मला ती रंगीत ज्वारी दे ना भातुकलीला. आठवतंय तुला? तू म्हणालीस..."

"...खायाची वस्तू हाय, खेळायची न्हाय," तारामतीच्या तोंडून हुंदक्याबरोबर शब्द बाहेर पडले.

"आसंच म्हणालीस." पोरीनं सॅक आणखी घट्ट धरली. "मला सगळं आठवत होतं, आत्या. पर त्या ज्वारीचं मला काय कळत होतं? आन मला कुणी विचारलंच न्हाय! पोलिसांनी न्हाय, कोर्टानं न्हाय. सात वर्सं मी काकाला शिव्या दिल्या... रोज त्याचं मरण मागितलं गं मी!"

"आता काय करनार हाईस?" तारामतीनं घाबरत विचारलं.

"वकिलाला सांगणार. जजला सांगणार. मी बघितली होती ज्वारी, म्हणून सांगणार. ऐकतील का गं आपलं?"

"काय म्हाईत, माय," तारामती म्हणाली. खरंच तिला माहीत नव्हतं. पुढं कोर्ट होतं, काळे डगले होते, आणि तिकडं तुरुंगात बलभीम होता.

दुपारी एका स्टँडवर गाडी जेवणासाठी थांबली. तारामतीनं फडकं सोडलं. सवयीनं तिचा हात वरच्या शिळ्या भाकरीकडं गेला, आणि मधेच थबकला. तिला एकाएकी स्वतःच्या त्या हाताची लाज वाटली. ती फडकं पुन्हा बांधू लागली, पुटपुटली, "तुला तितनं वडापाव आनून देते. थांब हितंच."

प्रतीक्षानं तिचं मनगट धरलं. सात-आठ दिवसांपूर्वी साबणानं घासलेलं तेच मनगट. दुसऱ्या हातानं तिनं शिळी बाजूला सारली, खालची ताजी भाकरी काढली, मधोमध मोडली आणि अर्धी आत्याच्या हातावर ठेवली.

"काका सुटून आला की त्यालाबी ताजीच घालायची," ती म्हणाली.

आणि आत्या रडत तिच्याकडं बघत असताना तिनं आपल्या अर्ध्या भाकरीचा पहिला घास तोंडात घातला.