रि म्हणजे रिकामं

ज्या घरात कोणीच राहत नाही असं तिने स्वतःच्या सहीनिशी लिहून दिलं होतं, त्या घराचं दार उघडलं आणि आतून माणूस बाहेर आला. चांगला उंचापुरा, केस विस्कटलेला, गालावर उशीचे वळ उमटलेला, जिवंत माणूस!

ती किंचाळलीच. आणि तिचं किंचाळणं म्हणजे काही साधंसुधं नव्हे. नगर नियोजनाच्या कचेरीत तिला उगाच 'भोंगा' म्हणत नसत. ती दुसऱ्या मजल्यावर शिंकली की तळमजल्यावरचा शिपाई 'सत्य आहे' म्हणायचा.

"श्श्श!" त्याने ओठांवर बोट ठेवलं. "सगळी झोपलीयत..."

"तुम्ही... तुम्ही इथे काय करताय?"

"झोपलो होतो. दुपारचे दोन वाजलेत, बाई. आता नाही झोपायचं तर कधी झोपायचं?" तो कुजबुजत म्हणाला. "पलीकडे दोन नर्स आहेत, वरती बेकरीतले तिघं, समोर वॉचमन. अख्खी गल्ली रात्रपाळीची. मी स्वतः रात्रीची ॲम्ब्युलन्स चालवतो. तुम्ही दारावर काय धपाधप मारत होतात?"

धपाधप मारत नव्हती, नोटीस चिकटवत होती. त्याने मान वळवून आपल्याच दारावरचा कागद वाचला. 'रिकामे बांधकाम. रस्त्याच्या कामासाठी पाडण्यात येईल.'

"रिकामं?" त्याने खाली स्वतःकडे बघितलं. "मी एवढा बारीक झालोय?"

तिला हसू यायला हवं होतं. पण ती हातातली घरांची यादी पुन्हा पुन्हा बघत होती. बाजारच्या चौकातली कोंडी फोडायला या गल्लीवरून साठ फुटी रस्ता जाणार होता, आणि त्याची पाहणी तिच्या हाताखाली झाली होती. नियमही तिनेच केलेला. दोन वेगवेगळ्या दिवशी बेल वाजवायची, कोणी दार उघडलं नाही तर यादीत त्या घरापुढे 'रि' लिहायचं. पाहणीची माणसं दोन्ही दिवशी सकाळी अकराला आली होती. एक्केचाळीस घरं, आणि एक्केचाळीस 'रि'!

"पण आम्ही बेल वाजवली होती..."

"दिवसा आम्ही बेलची वायर काढून ठेवतो."

"एक्केचाळीसच्या एक्केचाळीस?"

"दोन उंदरांची असतील. त्यांचीही रात्रपाळीच."

तिने भिंतीला हात टेकला. "माझी... माझी चूक झालीय हो," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

आता दचकायची पाळी त्याची होती. "काय म्हणालात? कचेरीतलं माणूस चूक झाली म्हणतं? थांबा, मी जरा बसतो." तो खरंच उंबऱ्यावर बसला. मग वर बघून हसला. झोपाळू, एका गालातलं हसू... "संध्याकाळी सहाला या. आमची सकाळ तेव्हा होते. मग मोजा हवी तेवढी डोकी."

ती आली. दुसऱ्या दिवशीही आली. सुनावणीला पंधरा दिवस होते आणि ती पंधराही दिवस आली. कामच होतं ना! घरं मोजायची, माणसं लिहून घ्यायची, गल्लीची रुंदी टेपने मापायची. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी लागतंच. आठला त्याची ड्यूटी सुरू व्हायची. तोवर ते टोक तो धरायचा.

सातपर्यंत निम्मी गल्ली झोपेत असायची, त्यामुळे सगळं कुजबुजत बोलावं लागे. आणि कुजबुज ऐकायची म्हणजे डोकं डोक्याजवळ न्यावं लागतं, त्याला कोण काय करणार? त्याच्या सदऱ्याला दवाखान्याच्या साबणाचा वास यायचा. एकदा टेप गुंडाळताना दोघांची बोटं एकमेकांत अडकली. सोडवायला जरा जास्तच वेळ लागला...

एका संध्याकाळी पावसाची सर आली तेव्हा त्याने तिच्या हातातला मोठा नकाशा उलगडून दोघांच्या डोक्यावर धरला.

"अहो, भिजेल ना तो!"

"भिजू दे. नाहीतरी त्यात आम्ही नाहीच."

"मी घालणार आहे तुम्हाला त्यात."

"कुठे घालाल?" त्याने इतक्या हळू विचारलं, की ती लालबुंद झाली. तेवढ्यात त्याच्या आत्याने खिडकीतून ओरडून विचारलं, की टेपने मापं घ्यायची राहिलीत का अजून, की डोळ्यांनीच चाललंय? आत्याने तीस वर्षं दवाखान्याचे वॉर्ड रात्रीचे झाडले होते आणि आईविना हे पोर वाढवलं होतं. तिच्या तोंडाला कुलूप कोणी घालू शकत नव्हतं.

पण रस्त्याची गरजही खोटी नव्हती, आणि तिची झोप उडाली होती ती त्या काळजीने. एकदा टेप ओढता ओढता तिने त्याला सगळं सांगून टाकलं. "चौकात रोज संध्याकाळी ॲम्ब्युलन्स अडकते. फेरीवाले हलवून बघितले, तर ते शाळेसमोर जाऊन बसले. रस्ता एकेरी केला, तर कोंडी पुढच्या चौकात गेली. एक गाठ सोडवावी तर दुसरीकडे दोन बसतात. चार वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसाने अर्ज केला, की दवाखान्यापर्यंत सरळ रस्ता काढा. त्यावरून हे सगळं निघालं. आता रस्ता केला तर तुमची घरं जातात, नाही केला तर पेशंट. इकडे आड, तिकडे विहीर!"

त्याच्या हातून टेपचं टोक सुटलं आणि सळसळत तिच्यापर्यंत आलं.

"काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. त्या दिवशी तो आठच्या आधीच निघून गेला. घर जाणार म्हणून वाईट वाटलं असेल, असं तिने धरलं.

सुनावणी सकाळी अकराला ठेवलेली. म्हणजे गल्लीची मध्यरात्र! पुढच्या खुर्च्यांवर बाजारातले व्यापारी ताठ बसलेले, त्यांना रस्ता हवा होता. मागे अख्खी गल्ली पेंगत होती. वॉचमन तर चक्क घोरत होता.

साहेबांनी विचारलं, "पाहणीत काही बदल?"

ती उभी राहिली. पुढच्या महिन्यात तिची बढती होती, हेही तिला ठाऊक होतं. "आहे साहेब. ती गल्ली रिकामी नाही. एक्केचाळीस घरं, एकशे अठ्ठ्याहत्तर माणसं. आपण त्यांच्या झोपेच्या वेळी गेलो. नियम माझा, सही माझी, चूक माझी."

माईक बंद होता, पण भोंग्याला माईक कशाला? वॉचमन खाडकन जागा झाला. साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"मॅडम... खाली बसा."

"म्हणजे रस्ता नको?" एक व्यापारी उसळला. "माणसं मेली तरी चालतील?"

तिने हातातले कागद उलटायला घेतले. तेवढ्यात मागून आवाज आला, "रस्त्याचा अर्ज माझा आहे."

तिच्या टेपचं टोक धरणारा ॲम्ब्युलन्स ड्रायव्हर उभा होता. तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. गल्लीतली माणसं त्याच्याकडे वळून बघत होती, आणि आत्या तर "मेल्या...!" एवढंच म्हणू शकली.

"माझ्या गाडीत एक बाई होत्या," तो सांगू लागला. "तेव्हा मी दिवसपाळीला होतो. दवाखान्याची पाटी दिसत होती. चाळीस मिनिटं मी हॉर्न वाजवत नुसता बसून होतो. त्या गेल्या. घरी आलो आणि अर्ज लिहिला, की रस्ता काढा. कुठून काढणार हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या दारावरची नोटीस माझ्याच अर्जातून निघाली, हे मोजणीच्या वेळी मॅडम बोलल्या तेव्हा कळलं. मग तोंड उघडायची लाज वाटली." त्याने घसा साफ केला. "पण मला साठ फूट नकोयत, साहेब. एक ॲम्ब्युलन्स जाईल एवढं द्या. गल्ली आत सगळीकडे चौदा फूट आहे. फक्त तोंडाशी आठ. तोंडावरचं एक घर काढलं की गाडी निघते."

"कुणाचं घर?"

"माझं."

रोज तो टेपचं टोक त्याच कोपऱ्यावर धरायचा आणि ती आकडा लिहायची. चौदा, चौदा, आठ. स्वतःच्या अक्षरात लिहिलेला आठ तिला दिसला नव्हता... आकड्यांपेक्षा टेप धरणाऱ्याकडेच बघत होती ना!

दुपारपर्यंत निकाल लागला. चाळीस घरं वाचली, एक गेलं. व्यापारी पाय आपटत गेले, कारण बाजारातली कोंडी होती तिथेच राहिली. त्यावर पुन्हा बैठका होणार होत्या. आणि तिची बढती राहिली बाजूला, उलट बदली झाली, पाण्याच्या तक्रारींच्या खिडकीवर.

बाहेर पायऱ्यांवर तो आत्याला घेऊन उभा होता. ती तरातरा त्याच्यासमोर गेली.

"मला आधी सांगितलं का नाहीस?" 'अहो' कुठल्या कुठे पळालं.

"सांगितलं असतं तर तू माझ्या घरावर रेघ मारली असतीस?"

"मुळीच नसती मारली!"

"म्हणूनच नाही सांगितलं."

तिचे डोळे भरून आले. चीड, अभिमान, माया, सगळं एकदम. "आता कुठे जाणार?"

"गावाबाहेरची खोली देतायत. बसने दोन तास. तिथून रात्रीच्या गाडीवर वेळेत पोहोचणं शक्य नाही... तिकडेच एखादं काम बघेन." तो बळेच हसला. "तू ये कधीतरी. टेप घेऊन."

दोन तास. म्हणजे कधीतरी, आणि कधीतरी म्हणजे कधीच नाही. नकाशावर असल्या रेघा तिने शेकडो मारल्या होत्या, पण रेघेपलीकडे गेलेला माणूस किती लांब जातो, हे आज तिच्या काळजाला कळलं.

"माझ्याकडे दोन खोल्या आहेत," ती म्हणाली. "दवाखान्यापासून चालत दहा मिनिटं. माझी आई आहे, ती आत्यांना गप्पांना पुरून उरेल. खिडक्यांना जाड पडदे लावू, तुला दिवसा झोपायला."

त्याला काही समजेना. "भाड्याने?"

"लग्नाने!"

शब्द तोंडातून सुटला आणि तिचा तिलाच विश्वास बसेना. तिने तोंडावर हात ठेवला. पण भोंगा वाजून गेला होता. पायऱ्यांवरची सगळी माणसं, फायली घेतलेले कारकून, पेंगुळलेल्या नर्स, सगळे जागच्या जागी थिजले. जिना उतरणारे साहेब मधल्याच पायरीवर थांबले.

"अगं बाई!" आत्या छातीवर हात ठेवून म्हणाली. "म्हणजे घरजावई?"

तो नुसता बघत राहिला. तोंड उघडं, कान लाल, एक अक्षर फुटत नव्हतं.

आत्याने त्याला कोपराने ढोसलं. "अरे, बोल की! दातखीळ बसली का?"

"हो," तो कसाबसा म्हणाला.

"हो म्हणजे? दातखिळीला हो, का लग्नाला हो?"

त्याने आत्याकडे बघितलंच नाही. तो एक पायरी उतरून तिच्यासमोर आला, तिचा तोंडावरचा हात धरून खाली घेतला, आणि अख्ख्या पायऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "दोन्हीला."