मधला हात

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. पटवून द्यायची मला हौस नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही. ती थापाड्यांची सालं काढणाऱ्यांतली आहे.

मावशी वर्तमानपत्रात चित्र-शिल्पांच्या प्रदर्शनांवर लिहिते. लिहिते कसलं, सोलते.

वेळ रात्रीची नव्हती. भरदुपार होती. भुतं रात्रपाळीलाच येतात असं कुणी सांगितलं?

प्रदर्शन संध्याकाळी उघडायचं होतं. शिल्पकाराने मावशीला मुद्दाम आधी बोलावलं. त्याच्या आधीच्या दोन्ही प्रदर्शनांची तिने पार धूळधाण केली होती. हेही पडलं असतं, तर त्याला कुणी दारात उभं केलं नसतं. मावशी त्याला 'बल्बवाला' म्हणायची. तेही तोंडावर.

जुन्या गोदामाचा अरुंद हॉल. खिडक्यांना काळा कागद. छताला लोंबणाऱ्या काचेच्या नळ्या, सगळ्या विझलेल्या. समोरासमोरच्या भिंतींवर एकेक तांब्याचा पंजा.

"हे शिल्प, की वायरमनचं अर्धवट काम?" मावशीने विचारलं.

"यात वीज माणसांतून जाते, ताई," तो म्हणाला. "दोघांनी दोन पंजे धरायचे, मधल्यांनी हातात हात. साखळी पूर्ण झाली की नळ्या पेटतात. प्रवाह अगदी किंचित. जाणवतसुद्धा नाही."

"म्हणजे तार आम्ही व्हायचं, आणि शिल्पकार तू. सोय आहे बुवा."

दोघांनी एकेक पंजा धरला. बाजूला थांबलेली त्याची बायको कसनुसं हसली आणि मध्ये येऊन उभी राहिली. एका हाताने तिने नवऱ्याचा हात धरला, दुसऱ्याने मावशीचा.

नळ्या पेटल्या. बारीक घूं घूं सुरू झाली. हॉलभर निळसर उजेड पसरला.

"जत्रेत चालेल," मावशी म्हणाली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या पर्समध्ये फोन वाजला. "एक मिनिट हं," म्हणत बायकोने दोन्ही हात सोडले आणि ती तिकडे गेली.

साखळी तुटली.

उजेड मात्र... गेला नाही.

मावशीला हसूच फुटलं. "माणसांतून जाते म्हणे वीज! बटण कुठे दडवलंयस रे?"

शिल्पकार स्वतःच्या हाताकडे बघत होता. हात तसाच पुढे. बोटं फाकलेली. आणि बोटांच्या मधली कातडी... आत दबलेली. कुणीतरी घट्ट धरल्यासारखी.

"नाटकं पुरे," मावशी म्हणाली आणि आपला हात खाली घ्यायला गेली.

हात खाली येईना.

तिच्या तळव्यात दुसरा तळवा होता. कोरडा. खरखरीत. बायकोच्या हाताहून कितीतरी मोठा.

मधली जागा रिकामी होती. पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

मग घूं घूं थांबली. उजेड होता, आवाज नव्हता. त्या शांततेत कुणीतरी... नाकाने हसलं. मावशी हसते ना, वाईट शिल्प बघून? अगदी तसं.

"सोड!" मावशी ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज फाटला.

बायकोने वळून पाहिलं. ती किंचाळली आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला.

अंधार.

अंधारात त्या तळव्याने मावशीचा हात सोडला. सोडला म्हणजे झटकला. बुटाला लागलेली घाण झटकावी तसा.

प्रदर्शन उघडलंच नाही. मावशीने त्यावर एक ओळही लिहिली नाही. विषय निघाला की अजून फणकारते, "भूत असेल तर असू दे मेलं! पण मला झटकायचं त्याला कारण काय?" असं म्हणताना ती तळवा साडीला पुसत राहते, ते मी पाहिलंय.

पण मला झोप लागत नाही ती मावशीमुळे नाही.

परवा मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. आत तोच शिल्पकार, पेपरातल्या फोटोंवरून ओळखला. लिफ्टच्या एका कडेला भिंतीला चिकटून उभा. वाळलेला. उजवा हात अंगापासून जरा दूर, बोटं फाकलेली.

बाकी लिफ्ट रिकामी होती. मी आत पाऊल टाकलं.

"जागा नाही," तो हळूच म्हणाला.

मी जिन्याने गेलो.