आधी कोण हटणार?

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी वेलबर्न काउंटीच्या ऐतिहासिक स्थळांची सहल निघाली, तेव्हा सगळ्यात पुढची गाडी मार्लिस प्रुइटची होती. कॉलेजात इतिहास शिकून गावी परतलेली ही पोर वर्षभर या सहलीसाठी झिजली होती. एका खोलीची जुनी शाळा, दगडी गिरणी, पळून आलेल्या गुलामांना जिथे लपवलं ते तळघर... प्रत्येक थांब्यावर तिचा आवाज चढत होता. रस्त्याकडेचे मेपल वृक्ष पेटल्यासारखे लाल झाले होते. जगाला दाखवावं असं आपल्याकडे काय नाही!

शेजारी काउंटी बोर्डाचे सभासद स्टॅकपोलकाका सफरचंदाचा डोनट खात बसले होते. शेवटचा थांबा वर छप्पर आणि दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या, बोगद्यासारख्या लाकडी पुलाचा. तो ठेवायचा की पाडून काँक्रीटचा बांधायचा, हे सोमवारी त्यांच्या एका मतावर ठरणार होतं. म्हणूनच मार्लिसने त्यांना आपल्या गाडीत घेतलं होतं.

"पुराच्या रात्री याच पुलात दोन घोडागाड्या समोरासमोर आल्या, काका. एकीत माझे खापरपणजोबा जोसाया, दुसरीत एझ्रा टॉलिव्हर. आधी कोण हटणार?"

"प्रुइट तर नक्कीच नाही. गाढवं परवडली!"

"दोघंही हटले नाहीत. पाणी चढलं आणि दोघांना गाड्याघोड्यांसकट घेऊन गेलं. पण पूल? तसूभर हलला नाही!"

सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली.

तेव्हापासून तिथला रिवाज असा, की पुलात एका वेळी एकच गाडी. शिरण्याआधी एकदा हॉर्न द्यायचा. आत कुणी असेल तर तो दोनदा वाजवतो. मग आपण थांबायचं.

ओढ्यावर धुकं उतरलं होतं. मागच्या गाड्या रांगेत थांबल्या. मार्लिसने हॉर्न दिला.

आतून उत्तर आलं. हॉर्न नव्हे... लाकडावर लाकूड आपटल्यासारखे दोन ठोके.

ती थांबली. बाहेर कुणीच येईना.

"चल की," काका म्हणाले.

"आत कुणीतरी आहे."

"फळी वाजली असेल! हेच म्हणतो मी. कॉलेज शिकलीस आणि भुताला वाट देतेस? सोमवारी बोर्डात सांगतोच, सगळे पोट धरून हसतील."

हे तिला झोंबलं. तिने गिअर टाकला.

आत शिरताच उजेड मागे राहिला. चाकांखाली फळ्या खडखडत होत्या. ओल्या घोड्याचा, नदीच्या गाळाचा वास आला. मध्यावर पोचल्यावर गाडी थांबली. इंजिन चालू, पण चाक फिरेना. समोर काहीच नव्हतं. फक्त समोरच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, श्वासाच्या वाफेची दोन वर्तुळं उमटली... विरली... पुन्हा उमटली.

"पोरी..." काकांच्या हातातला डोनट खाली पडला. "मागे घे."

"प्रुइट मागे हटत नाहीत," ती पुटपुटली. हे वाक्य तिच्या घरात ती लहानपणापासून ऐकत आली होती.

खाली पाण्याचा आवाज वाढत होता. ओढ्याला तर घोट्याएवढंही पाणी नव्हतं. आता फळ्यांच्या फटींतून गार फवारा उडू लागला. तेव्हा एकदम तिच्या लक्षात आलं, पूल टिकला हे ती छाती काढून सांगत होती, पण माणसं नुसत्या हट्टापायी गेली, असं तिने कधीच म्हटलं नव्हतं.

तिने गाडी मागे घेतली. दोन हात गेली असेल नसेल, तोच मागे काहीतरी लागलं. जड, उबदार. हटेना.

"जोसाया आजोबा," ती अगदी हळू म्हणाली, "हटा ना... मीसुद्धा हटतेय."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते जडपण एकेक पाऊल मागे सरकू लागलं.

बाहेर येऊन तिने गाडी कडेला घेतली. पुलातून एकाच घोडागाडीच्या टापांचा आवाज निघाला, गाड्यांच्या रांगेशेजारून गेला आणि धुक्यात विरला. मागच्या गाडीतून ऑर्फा मावशीने डोकं बाहेर काढलं.

"आत्ता कोण गं गेलं? समोरून येणाऱ्याला रामराम करतो तसं सवयीने मी स्टिअरिंगवरून बोट उचललं. त्यानंही मान हलवली... आणि तोंड काही आठवेना मला."

रांगेतल्या प्रत्येकाचं बोट अजून वरच होतं.

सोमवारी स्टॅकपोलकाकांनी पुलाच्या बाजूने मत दिलं. कारण विचारल्यावर म्हणाले, "पाडला तर ते जातील कुठून?" सभागृह हसलं. काका हसले नाहीत.

वसंतात पुन्हा सहल निघाली, गाड्या दुप्पट. या वेळी मार्लिसने हट्टाची गोष्टही सांगितली, तितक्याच अभिमानाने. कारण शेवटी का होईना, दोन प्रुइट मागे हटले होते. पुलाशी तिने हॉर्न दिला. आतून उत्तर आलं नाही. वाट मोकळी होती. तिने निःश्वास सोडला.

तेवढ्यात मागून दोन ठोके पडले.

तिने आरशात पाहिलं. मागची गाडी बरीच लांब उभी होती. मार्लिसने आपली गाडी कडेला घेतली, बोट उचललं आणि मागच्याला आधी जायची खूण केली. पुढे कुणीच गेलं नाही. मागच्या काचेवर वाफेची दोन वर्तुळं उमटली... विरली... पुन्हा उमटली. ती पुलात शिरली, पार झाली, घरच्या रस्त्याला लागली.

वर्तुळं काचेवर तशीच होती.