बांधापलीकडचं डुक्कर

गावंड्यांच्या मक्यात आता माणसानं जागलीला जायचं काही कारण उरलं नव्हतं. शेताच्या मधोमध खांबावर बसवलेलं यंत्र रात्रंदिवस मान फिरवत असे, आणि अख्खा गाव त्याला जागल्या म्हणे. पाणी, खत, फवारणी बघायला दुसरी यंत्रं होती. जागल्याकडे फक्त रानडुकरं. आपल्या उष्णता-डोळ्यानं तो अंगाची ऊब आणि चाल ओळखायचा आणि गोळी घालायचा, तीही सरकारी परवान्याची!

यंत्र बसवायला आलेल्या कंपनीच्या ऋतुजानं शेताचा मालक सुखदेव गावंडे याला बजावलं होतं, "काका, शेतात रांगू नका, वाकून फिरू नका. उभा माणूस तो बरोबर ओळखतो. शंका आली तर फोनवरून तुम्हालाच विचारेल. तेव्हा खरं सांगा. तो एका उत्तरावर जात नाही, सगळ्या उत्तरांची बेरीज करतो. आणि जखमी डुक्कर माणसावर उलटतं, म्हणून थोडं थांबून दुसरी गोळी घालतोच."

"खोटं कायले सांगू?" सुखदेव हसला होता.

पण भावकी आडवी आली की खरं-खोटं सुचतंय कुणाला! पूर्वेच्या बांधापलीकडे थोरल्या भावाचं, अंबादासचं शेत. दर नांगरटीला अंबादास बांध कोरतो, असं सुखदेव म्हणे; सुखदेवच कोरतो, असं अंबादास. बोलणं कधीच तुटलेलं. अशात अंबादासची शेळी मक्यात शिरली आणि फोन बोलला, "बांधावरून काहीतरी येतंय. डुक्कर आहे का?" शेळी सुखदेवला धडधडीत दिसत होती. पण तळपायाची आग मस्तकात गेली.

"व्हय. डुक्करच."

मग कुत्रा. मग वासरू. मग आणखी कितीतरी. दरवेळी तेच उत्तर, तोच बार, आणि दरवेळी जिवाला कसं गार वाटायचं त्याच्या. पुढे पुढे जागल्या विचारेनासाच झाला. आज सकाळी त्यानं अंबादासची गाभण गाय पाडली, न विचारताच.

अंबादास कुऱ्हाड घेऊन धावत आला. "आज तुया भुताचे तुकडे करतो, अन् मंग तुहे!"

"ये ना! बांध कोरून पोट नाई भरलं तुहं?"

सुखदेवची काठी भावाच्या कानशिलावर बसली. कुऱ्हाडीचा दांडा सुखदेवच्या दातांवर आला आणि तोंड रक्तानं भरलं. दोघं एकमेकांना धरून मक्यात गडगडले. फोन चिखलात पडला. सुखदेवनं भावाचं तोंड मातीत दाबलं, अंबादासनं त्याच्या मनगटाचा लचका तोडला. मग सुटून, भोवळलेला अंबादास पडलेल्या कुऱ्हाडीकडे निघाला. रांगत.

खांबावरची बंदुकीची नळी वळली. सुखदेवनं ती वळताना पाहिली, आणि क्षणभर, मेला तो क्षण, त्याला बरं वाटलं.

बार झाला. अंबादासची मांडी फुटली.

"माय वं! सुखा!"

सुखा! लहानपणानंतर या नावानं त्याला कुणी हाक मारली नव्हती. सुखदेव ओणव्यानंच धावला आणि भावाच्या अंगावर पालथा पडला. "नाई! डुक्कर नाई! माहा भाऊ हाय!" तो ओरडला.

चिखलातून फोन शांतपणे म्हणाला, "नोंद घेतली. पण या बांधावरून येणाऱ्याला तुम्ही नेहमी डुक्करच म्हणता. आता दोन दिसताहेत. दोन्ही डुकरंच ना?"

"नाई! नाई रे बाबा, नाई!"

नळी खाली झाली नाही. इतक्या होकारांपुढे हे दोन-चार नकार कुठे पुरणार? सुखदेवनं भावाला बगलेत धरून उभं करायला पाहिलं. फुटलेला पाय दुमडला आणि दोघं पुन्हा कोसळले. एकटा उभा राहिला असता तर जागल्यानं त्याला माणूस म्हणून लगेच ओळखलं असतं, आणि दुसरी गोळी खाली उरलेल्या अंबादासवरच गेली असती. सुखदेवला ते पक्कं ठाऊक होतं. त्यानं एक गुडघा जमिनीवरून उचललाही.

रक्तानं माखलेल्या हातानं अंबादासनं त्याचा सदरा धरला. "सुखा, मले सोडून चाल्ला काय रे?"